आठवण पुसली जाते, की सापडेनाशी होते?

कवडसा :

माझे वडील जाऊन १९ वर्षे झाली. गेल्या महिन्यात एका रात्री त्यांचा आवाज मनात आणण्याचा प्रयत्न करत होतो आणि तो येईना. चेहरा येतो, जिना चढताना कठड्यावर हात टेकण्याची त्यांची लकब येते, चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसताना ते मान कशी तिरकी करत तेही डोळ्यांसमोर दिसते. त्यांची ठरावीक वाक्ये मला शब्दशः सांगता येतात, पण ती उमटतात माझ्याच आवाजात. आपण एवढी मोठी गोष्ट कधी गमावली आणि गमावताना आपल्याला कळलेसुद्धा नाही, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

याच्या अगदी उलट घडलेला एक प्रसंगही मला सांगायला हवा. तीन वर्षांपूर्वी गर्दीत माझ्या मागून एक अनोळखी गृहस्थ काही बोलले आणि मी दचकून वळलो, कारण तो आवाज वडिलांच्या आवाजासारखा होता. तो 'सारखा' आहे हे मला कळले, म्हणजे तुलना करण्यासाठी माझ्या आत काहीतरी शिल्लक असलेच पाहिजे. मग ते मला हवे तेव्हा का मिळत नाही?

म्हणून माझा प्रश्न असा आहे की मेंदूत आठवण नेमकी कोणत्या रूपात साठवली जाते, आणि एकदा साठवलेली आठवण कायम राहते का? आपण जिला विसरणे म्हणतो ती मूळ खूणच नाहीशी झालेली असते, की खूण तशीच असून तिच्यापर्यंत जाण्याची वाट बुजलेली असते? सांत्वनाची अपेक्षा नाही. जे खरोखर माहीत झालेले आहे तेच कृपया सांगावे, मग ते मनासारखे नसले तरी चालेल.

दीपशिखा :

तुमचे लिखाण वाचून गलबलून आले. माझ्या वाचनात असे आले आहे की मेंदू काहीच टाकून देत नाही. कॅनडातील एका शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सौम्य स्पर्श केला, तेव्हा रुग्णांना कित्येक वर्षांपूर्वीचे प्रसंग, गाणी आणि माणसांचे आवाज पुन्हा जसेच्या तसे ऐकू आले. असे असेल तर तुमच्या वडिलांचा आवाजही आत कुठेतरी संपूर्ण सुरक्षित असणार.

चेतासंधी :

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात निघतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दीपशिखाताई, तुम्ही ज्यांचा उल्लेख केला ते वाइल्डर पेनफिल्ड. मॉन्ट्रियलमध्ये अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना ते रुग्णांना जागे ठेवत आणि मेंदूचे निरनिराळे भाग विजेने उद्दीपित करून पाहत. त्यांची निरीक्षणे खरी आहेत, परंतु त्यांवर उभारलेला निष्कर्ष फार मोठा आहे. ११०० हून अधिक रुग्णांपैकी सुमारे ४० जणांनाच असे अनुभव आले, आणि तेही फक्त कानशिलाजवळच्या भागाला, म्हणजे टेम्पोरल लोबला, स्पर्श केल्यावर. त्या अनुभवांतील पुष्कळसे स्वप्नासारखे तुटक होते. ते प्रत्यक्ष घडून गेले होते याची पडताळणी बहुतेक वेळा झालीच नाही. तरीही 'सगळे काही कायमचे नोंदले जाते' ही समजूत इतकी रुजली की एलिझाबेथ आणि जेफ्री लॉफ्टस यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८४ टक्के मानसशास्त्रज्ञांनीही तिलाच पसंती दिली होती. आज बहुसंख्य संशोधक तसे मानत नाहीत.

आता कवडसा यांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. आठवण म्हणजे एका कप्प्यात ठेवलेली वस्तू नव्हे. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि एकेक पेशी हजारो चेतासंधींनी इतरांशी जोडलेली असते. चेतासंधी म्हणजे एका पेशीकडून दुसरीकडे रासायनिक निरोप जातो ती अत्यंत अरुंद फट. एखादा प्रसंग अनुभवताना पेशींचा एक विशिष्ट समूह एकाच वेळी जागा होतो आणि त्यांच्यामधील संधी बळकट होतात. पुढे त्या समूहाचा थोडासा भाग जागा झाला तरी तो उरलेल्या भागाला जागा करू शकतो, आणि यालाच आपण आठवणे म्हणतो. हे तत्त्व कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडले, तेव्हा त्यामागे प्रत्यक्ष पुरावा फारसा नव्हता. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूत खोलवर असलेल्या आणि नव्या आठवणी घडवणाऱ्या भागात, दाखवून दिले की जलद विद्युत उद्दीपनाने बळकट केलेली संधी काही तास तशीच राहते.

यातील रसायन उलगडण्याचे काम एरिक कँडेल यांनी अप्लिशिया या सागरी गोगलगाईवर केले आणि त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. या प्राण्याच्या चेतासंस्थेत जेमतेम २०,००० पेशी असतात, त्यामुळे कोणती पेशी कोणाशी जोडलेली आहे हे पाहता येते. शेपटीला एकदा धक्का दिला तर तो प्राणी काही मिनिटे दचका राहतो, आणि तेवढ्यासाठी असलेल्याच प्रथिनांमध्ये किरकोळ बदल पुरतो. धक्के अंतराअंतराने पुन्हा पुन्हा दिले तर मात्र निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, तेथील जनुके कामाला लागतात, नवी प्रथिने तयार होतात, नव्या चेतासंधी फुटतात, आणि दचकणे कित्येक आठवडे टिकते. म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या आठवणीसाठी मेंदूची बांधणीच बदलते. हे मला आजही शिकवताना थक्क करते. आपण आत्ता जे वाचत आहात त्यातले काही उद्या आठवले, तर आपल्या मेंदूची रचना आजच्यापेक्षा किंचित वेगळी झालेली असेल.

वडिलांचा चेहरा, आवाज, चालणे आणि त्यांच्याविषयीची माया ही सगळी एकाच ठिकाणी नाहीत. दृश्य भाग दृष्टीच्या क्षेत्रांत, ध्वनी श्रवणाच्या क्षेत्रांत आणि भावनेचा रंग अमिग्डाला या भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाच्या आसपास असतो. या विखुरलेल्या भागांची सांगड घालण्याचे काम हिप्पोकॅम्पस करतो, निदान सुरुवातीची काही वर्षे. चेहरा राहून आवाज जाणे यामुळेच शक्य होते.

शंकेखोर :

विवेचन उत्तम आहे, पण मला एक गोष्ट पटत नाही. प्रथिने काही तासांत किंवा काही दिवसांत झिजतात आणि त्यांच्या जागी नवी येतात, असे आम्ही शाळेतच शिकलो. आठवण जर प्रथिनांनी बांधलेल्या संधींमध्ये असेल, तर ज्या पदार्थाने ती घडली तो पदार्थच महिन्याभरात शिल्लक नसतो. मग ७० वर्षांच्या माणसाला सातव्या वर्षीचे काही आठवते तरी कसे? जो कागदच रोज विरघळतो त्यावरचे अक्षर टिकते कसे, हे कोणी सांगेल का?

चेतासंधी :

आपला प्रश्न वरकरणी वाटतो त्याहून खोल आहे. डीएनएच्या रचनेचा शोध लावणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक, यांनी १९८४ मध्ये नेमका हाच प्रश्न एका छोट्या लेखात विचारला होता. त्यांनी सुचवलेले उत्तर असे होते की संधीमधील रेणू सगळे एकदम बदलत नाहीत. एक जुना रेणू जातो तेव्हा शेजारचे रेणू नव्याने आलेल्याला आपल्यासारखे करून घेतात. समूहगानात एकेक गायक श्वास घेण्यासाठी थांबतो, पण सगळे एकाच वेळी थांबत नाहीत म्हणून सूर तुटत नाही, तसे काहीसे.

पुढे टॉड सॅक्टर आणि त्यांचे सहकारी यांनी पीकेएम-झीटा नावाच्या एन्झाइमकडे लक्ष वेधले. ते अडवणारे रसायन उंदरांच्या मेंदूत सोडल्यावर जुनी आठवण नाहीशी झाली, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये मात्र हे एन्झाइमच नसलेले उंदीरसुद्धा नीट शिकतात आणि लक्षात ठेवतात असे दिसून आले, तेव्हा ही कल्पना बरीच अडचणीत आली. २०२४ मध्ये त्याच गटाने असे मांडले की किब्रा नावाचे दुसरे प्रथिन या एन्झाइमला बळकट झालेल्या संधीशीच बांधून ठेवते, आणि या जोडीमुळे रेणू बदलत राहिले तरी त्या संधीची ओळख टिकते. हे शेवटचे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. पण दिशा मला पटते. आठवण टिकते ती तिचा पदार्थ टिकतो म्हणून नव्हे, तर ती सतत नव्याने घडवली जाते म्हणून. यावरून हेही उघड होते की हे घडवणे जिथे थांबेल तिथे ती ओसरू लागेल, आणि 'कायम' हा शब्द आठवणीला शिळेवरच्या लेखासारखा लावता येणार नाही.

अबोली :

मी मानसशास्त्राची अभ्यासक आहे. 'पुसली गेली की सापडत नाही' या मूळ प्रश्नाचा शोध तर या शास्त्रातील स्मृतीवरच्या पहिल्याच मोठ्या प्रयोगापासून सुरू आहे, म्हणून तिथून सुरुवात करते.

हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग स्वतःवरच केले होते. ते निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करत आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात हे मोजत. २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने ३४ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. विसरण्याचा हा आलेख सर्वांना ठाऊक असतो, पण मला त्यातली मोजण्याची रीत अधिक मोलाची वाटते. महिन्यानंतर यादी आपण होऊन आठवत नसली, तरी ती पुन्हा शिकताना पाचव्या हिश्शाचे श्रम वाचत होते. आठवण्याच्या दृष्टीने जे गेले होते, ते शिकण्याच्या दृष्टीने गेलेले नव्हते. विसरणे आणि नाहीसे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आकड्यांतून तेव्हाच दिसत होते.

कवडसा, तुमच्या दोन्ही अनुभवांतला फरकही असाच आहे. आपण होऊन आठवणे आणि समोर आल्यावर ओळखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत आणि पहिले फार कठीण आहे. हॅरी बाह्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सुमारे ४०० लोकांना त्यांच्या शाळेतील सहाध्यायांची छायाचित्रे दाखवली. शाळा सोडून ३५ वर्षे झालेल्यांनाही जवळजवळ ९० टक्के चेहरे अनोळखी चेहऱ्यांमधून ओळखता आले, पण त्याच सहाध्यायांची नावे आपण होऊन सांगताना ते पुष्कळच कमी पडले. गर्दीत तुम्ही वळलात ते ओळखणे होते आणि रात्री जमले नाही ते आठवणे होते. आवाजाच्या बाबतीत ही दरी आणखी मोठी असावी असे मला वाटते, कारण चेहऱ्याचे वर्णन आपण मनात शब्दांनी करू शकतो, पण आवाजाच्या पोताला आपल्याजवळ शब्दच फार थोडे असतात. हे माझे मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

आता अलीकडचे पाहू. २०१५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी येथे सुसुमू तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत, टोमास रायन आणि इतरांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील ज्या पेशी एका पेटीतला भीतीदायक प्रसंग शिकताना जाग्या झाल्या, नेमक्या त्याच पेशींना जनुकीय खूण केली, अशी की पुढे त्या प्रकाशाने जाग्या करता याव्यात. या पेशीसमूहाला एन्ग्रॅम म्हणतात. शिकून होताच त्यांनी उंदरांना प्रथिनांची निर्मिती थांबवणारे औषध दिले. अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या दिवशी त्या पेटीत ठेवल्यावर उंदरांना फारसे काही आठवले नाही. पण खूण केलेल्या पेशींवर प्रकाश टाकून त्या थेट जाग्या केल्या, तेव्हा तेच उंदीर भीतीने थिजून उभे राहिले. वाट बंद होती, पण आठवण होती. त्या पेशींमधील संधी बळकट झाल्या नव्हत्या, मात्र कोणती पेशी कोणाशी जोडलेली आहे याचा आराखडा टिकून होता, असे त्यांना आढळले. आठवण संधींच्या बळकटीत असते की जोडणीच्या आराखड्यात, यावर तज्ज्ञांमध्ये अजून मतभेद आहेत.

टोरँटोमध्ये पॉल फ्रँकलंड यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये याच रीतीने बालपणातील विस्मरण तपासले. आपल्याला वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतले जवळजवळ काहीच आठवत नाही, आणि उंदरांच्या पिल्लांचेही तसेच असते. पिल्लू असताना शिकलेले आणि नंतर पूर्णपणे विसरलेले, प्रकाशाने त्या जुन्या पेशी जाग्या केल्यावर तीन महिन्यांनंतरही परत आणता आले. मात्र प्रयोगशाळेत खुणा करून ठेवलेल्या उंदराचे तीन महिने आणि माणसाची १९ वर्षे यांची तुलना सरळ करता येत नाही. विसरलेल्यापैकी काही भाग शिल्लक असू शकतो, एवढेच यावरून ठामपणे म्हणता येते. सगळेच शिल्लक असते असा याचा अर्थ होत नाही.

पानगळ :

मी इथे सहसा लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवले नाही. माझ्या आईला अल्झायमर आहे. सकाळी मी तिच्याजवळ तासभर बसून उठले, तर दहा मिनिटांनी ती विचारते की तू आलीस कधी. तिच्या शाळेतल्या कविता मात्र ती आजही न अडखळता म्हणते, आणि तिच्या हातात सुई-दोरा दिला तर टाके सरळ पडतात. वरील उंदरांविषयी वाचून मनात आशा उत्पन्न झाली. आईच्या सकाळच्या भेटी आत कुठे साठत असतील का? आणि कविता तेवढ्या का वाचल्या?

चेतासंधी :

पानगळताई, आपल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर हेन्री मोलेसन यांच्यापासून सुरुवात करावी लागेल. १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून त्यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, पण त्यानंतर ते कोणताही नवा प्रसंग लक्षात ठेवू शकले नाहीत. २००८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ५५ वर्षे, त्यांची हीच अवस्था होती. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी अनेक वर्षे त्यांचा अभ्यास केला, तरी प्रत्येक भेटीत त्या मोलेसन यांना अनोळखीच असत. बालपण मात्र त्यांना आठवत होते. याचा अर्थ जुन्या आठवणी एकट्या हिप्पोकॅम्पसवर अवलंबून राहिलेल्या नव्हत्या. काळाच्या ओघात, विशेषतः झोपेत, त्या मेंदूच्या बाह्य आवरणातील जाळ्यांमध्ये हळूहळू पक्क्या होतात असे मानले जाते.

मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याच्या आकृतीवर पेन्सिल फिरवायला सांगितले. तीन दिवसांत त्यांचा हात चांगला बसला, पण आपण हे पूर्वी केले आहे हे त्यांना एकदाही आठवले नाही. हाताचे कौशल्य वेगळ्या यंत्रणांत साठते, प्रामुख्याने मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रकांत आणि लहान मेंदूत. आपल्या आईचे टाके सरळ पडतात याचे कारण हे असावे.

अल्झायमरमध्ये हानीची सुरुवात बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतच्या भागातच होते, त्यामुळे नवे आधी निसटते आणि जुने मागे राहते. ताजे आधी जाते हा क्रम फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवला होता. कविता वाचल्या त्या नुसत्या जुन्या आहेत म्हणून नव्हे, तर त्या आयुष्यभर पुन्हा पुन्हा म्हटल्या गेल्या आणि लय-यमकाने प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते म्हणूनही.

सकाळच्या भेटींविषयी लिहिताना मला फार जपून लिहावे लागत आहे. २०१६ मध्ये तोनेगावा यांच्याच प्रयोगशाळेने अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेतील उंदरांमध्ये हरवलेली आठवण प्रकाशाने परत आणून दाखवली, म्हणजे त्या अवस्थेत निदान काही आठवणी तयार होत होत्या. माणसात मात्र आजार पुढे जातो तेव्हा चेतासंधी आणि पेशी प्रत्यक्ष नष्ट होतात आणि जाळेच उरत नाही. तिथे 'आत कुठेतरी आहे' असे म्हणणे खरे ठरणार नाही.

एक गोष्ट मात्र निश्चितपणे सांगता येते. २०१४ मध्ये आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना आनंदी आणि दुःखी चित्रफिती दाखवल्या. चित्रफितीत काय होते हे रुग्ण थोड्याच वेळात विसरले, पण तिने निर्माण केलेली भावना त्यानंतरही टिकून राहिली. आपण सकाळी येऊन गेल्याचे आईंना आठवत नसेल, परंतु त्या तासाने आलेला निवांतपणा त्यांच्याजवळ काही काळ राहत असण्याची चांगली शक्यता आहे.

पानगळ :

मी हे दोनदा वाचले. आभार मानायला शब्द अपुरे आहेत. आता ती विचारते तेव्हा मी 'आत्ताच आले' असे सांगते.

शंकेखोर :

वरच्या चर्चेत एक बाजू राहून जात आहे, ती मांडतो. आपण आठवण टिकते की जाते याविषयीच बोलत आहोत, पण टिकून बदललेली आठवण याहून अवघड आहे, कारण ती बदलली आहे हे आपल्याला कळत नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी उल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी, कोणाकडून कळली हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारले. त्यांपैकी ११ जणांची दुसरी हकिकत पहिल्या हकिकतीशी एकाही मुद्द्यावर जुळली नाही, तरीही अनेकांना स्वतःच्या आठवणीची पक्की खात्री होती. त्यांना स्वतःच्या अक्षरातला पहिला कागद दाखवला, तरी कोणालाही ती मूळ हकिकत पुन्हा आठवली नाही.

त्यात भर म्हणजे करीम नादर यांचा २००० सालचा प्रयोग. उंदराला जुनी भीती आठवायला लावून लगेच त्याच्या अमिग्डालात प्रथिननिर्मिती थांबवणारे औषध सोडले, तर ती पक्की झालेली आठवणही ढासळते. आठवायला न लावता औषध दिले तर काही होत नाही. म्हणजे आठवताना आठवण काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते. मग कवडसा जितके अधिक आठवतील तितके मूळ रूप बिघडेल, असे नाही का?

अबोली :

पहिल्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे, दुसऱ्यातील निष्कर्षाशी नाही. आठवताना आठवण काही काळ बदलण्याजोगी होते हे प्राण्यांमध्ये अनेकदा दिसले आहे, पण माणसांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. दुसरीकडे, आठवून पाहिल्याने आठवण घट्ट होते याचा पुरावा माणसांमध्येच भक्कम आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के, तर नुसते वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले. न आठवता ठेवलेली आठवण शुद्ध राहत नाही, ती क्षीण होते. आठवल्याने ती टिकते आणि त्याच वेळी थोडी आजची होते, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच स्वीकाराव्या लागतात.

कवडसा, आवाज थेट मागू नका. तो ज्यांच्यासोबत ऐकला त्या गोष्टींना हात घाला. ती खोली, ते जिन्यावरून येणे, एखादे वाक्य ते कोणत्या वेळी म्हणत, त्याआधी कोणता आवाज होई. समूहाचा कोणता धागा ओढला की बाकीचा उकलेल हे आधी सांगता येत नाही.

कवडसा :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. इतके दिवस उत्तर दिले नाही, कारण मध्ये एक गोष्ट घडली.

हा धागा मी बहिणीला वाचायला पाठवला होता. तिने जुन्या सामानातून एक ध्वनिफीत शोधून काढली. ती तिच्या लहानपणच्या गाण्याची आहे, आणि गाणे संपल्यावर सुमारे ४० सेकंद वडील बोलले आहेत. ऐकण्यापूर्वी, शंकेखोर यांनी सांगितलेला विद्यार्थ्यांचा कागद डोळ्यांपुढे होता म्हणून, मी माझ्या मनातला आवाज कसा असावा ते वहीत लिहून ठेवले आणि खाली तारीख घातली. मी लिहिले होते : खर्जातला, संथ, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा.

फीत लावली आणि पहिल्या शब्दालाच मी ओळखले. कोणी सांगण्याची गरजच नव्हती. पण तो आवाज खर्जातला नव्हता. मी लिहिले होते त्याहून तो बराच वरचा आणि घाईचा होता, आणि वाक्याच्या शेवटी खाली न येता किंचित वर जात होता. ओळखले ते बरोबर होते आणि वर्णन केले ते चुकीचे होते, दोन्ही एकाच माणसाविषयी आणि एकाच क्षणी. फीत ऐकता ऐकता मला एक वाक्य आठवले जे त्या फितीत नाही, 'दार ओढून घे रे', आणि ते मला त्यांच्या आवाजात ऐकू आले. रात्री उशिरापर्यंत ते टिकून होते.

चेतासंधी :

वाचून फार आनंद झाला. एकच सूचना करतो. जुन्या फिती कधी कधी मूळ वेगापेक्षा जलद चालतात आणि तसे झाले की आवाज वर चढतो. गाण्यातील सूर एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. फितीचा वेग बरोबर निघाला तरच आपले वर्णन चुकले असे समजावे.

अबोली :

फीत पुन्हा लावण्यापूर्वी ते 'दार ओढून घे रे' कसे ऐकू आले तेही लिहून ठेवा, चढउतारांसकट. यापुढे आपल्या आठवणीतला कोणता भाग जुना आणि कोणता फितीतून आलेला, हे वेगळे करणे दिवसेंदिवस अवघड होत जाईल.

कवडसा :

लिहिले आहे. त्याच वहीत, पुढच्या पानावर, तारखेसह. 'रे' वर आवाज वर जातो.